करतारपूरचं बोलणं वेगळं ठेवा, आणि पुलापासून सुरू करा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, करतारपूर कॉरिडॉर (म्हणजे पंजाबातून पाकिस्तानातल्या करतारपूरच्या गुरुद्वाऱ्यात जायचा यात्रेकरूंचा रस्ता, जो मे २०२५ पासून बंद आहे) आता कायमचाच बंद करून टाका, आधी पाकिस्तानशी संबंध सुधारू देत मग रस्त्याचं बघू. त्यांचा राग मला कळतो. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ जणांना मारलं त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा होते, डोंबिवलीतल्या त्या घरांचे फोटो बघून कुणाला राग येणार नाही. पण "आधी संबंध, मग रस्ता" हे जे त्यांनी लिहिलंय ते मला अजिबात पटलेलं नाही, कारण हा रस्ता झाला तोच मुळात संबंध चांगले नसताना. आणि ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहिती आहे असं दिसतं, म्हणून जरा मोठं पत्र लिहितोय, जागा असेल तेवढं छापा.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. मी नांदेडचा, सगळी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात झाली, रस्ते आणि लहान-मोठे पूल यातच. नांदेडला राहणाऱ्या माणसाला शीख समाज म्हणजे परका नाही, सचखंड हुजूर साहिब आमच्या गावात आहे, पंजाबातून वर्षभर लोक येतात, आमचे शेजारी, मित्र, दुकानदार त्यांच्यातले आहेत. त्यामुळे करतारपूर उघडलं तेव्हा आमच्याकडे जो आनंद झाला होता तो मी बघितलाय आणि पुढे ओळखीच्या मंडळींबरोबर मी स्वतःही जाऊन आलोय.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. करतारपूर हे गुरु नानकदेवांनी वसवलेलं गाव, आयुष्याची शेवटची अठरा वर्षं ते तिथे राहिले, स्वतः शेती केली, लंगर सुरू केला आणि १५३९ मध्ये तिथेच गेले. १९४७ ला फाळणीची रेषा आखणाऱ्या रॅडक्लिफने गुरदासपूर जिल्ह्याची वाटणी केली, शकरगड तहसील पलीकडे गेली आणि करतारपूर पाकिस्तानात राहिलं. आपल्या बाजूला डेरा बाबा नानक. दोन्हींच्या मध्ये रावी, आणि सरहद्दीपासून गुरुद्वारा जेमतेम चार-साडेचार किलोमीटर. आकाश स्वच्छ असलं की आपल्या बाजूच्या बांधावरून पांढरे घुमट दिसतात, बीएसएफने तिथे एक चौथरा बांधून दुर्बीण लावली होती, आणि लोक वर्षानुवर्षं दुर्बिणीतून दर्शन घेऊन हात जोडून परत जायचे. फाळणीच्या आधी याच डेरा बाबा नानकवरून रावी ओलांडून नारोवालकडे रेल्वे जायची. नंतर ६५ आणि ७१ च्या दोन्ही लढायांमध्ये तिथल्या पुलावर लढाई झाली. म्हणजे जिथे आपण "रस्ता नवीन काढला" म्हणतो तिथे मुळात रस्ता होताच, तो तोडला गेला होता.

हा रस्ता परत मिळावा म्हणून कुलदीपसिंग वडाला म्हणून पंजाबातले अकाली नेते २००१ पासून दर अमावस्येला लोकांना घेऊन सरहद्दीवर जायचे आणि अरदास म्हणजे प्रार्थना करायचे. दर अमावस्येला, ऊन असो पाऊस असो, कुणी टीव्हीवाला असो नसो. ते २०१८ च्या जूनमध्ये गेले, कॉरिडॉर मंजूर व्हायच्या पाच-सहा महिने आधी. त्याआधी १९९९ ला वाजपेयी लाहोरला बसने गेले तेव्हा हा विषय निघाला होता, पुढे पंजाब विधानसभेने ठराव केला, मंत्री येऊन बघून गेले, आणि २०१७ ला संसदेची समिती तिथे गेली तेव्हा आत्ताच्या वातावरणात हे शक्य नाही असंच ठरलं, अजून दुर्बिणी लावू म्हणाले. हे सगळं सांगतोय कारण "वातावरण चांगलं होऊ द्या" हे वाक्य या विषयात नवीन नाही, ते वीस वर्षं ऐकून झालेलं आहे आणि त्या वीस वर्षांत एक फूट रस्ता झाला नाही.

मग झाला कसा? ऑगस्ट २०१८ मध्ये इम्रान खानच्या शपथविधीला नवज्योत सिद्धू गेले, पाकिस्तानच्या लष्करप्रमुखांनी मिठी मारली, त्यावरून इथे केवढा गदारोळ झाला सगळ्यांना आठवतंय. लोकांच्या डोक्यात कॉरिडॉर म्हणजे ती मिठी एवढंच बसलंय, आणि माझा पहिला आक्षेप तिथेच आहे. मिठीने बातमी झाली. २२ नोव्हेंबरला आपल्या कॅबिनेटने मंजुरी दिली, २६ नोव्हेंबर २०१८ ला उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडूंनी आपल्या बाजूला पायाभरणी केली, दोन दिवसांनी इम्रान खानने त्यांच्या बाजूला केली. तारीख बघा, २६ नोव्हेंबर. मुंबईच्या हल्ल्याला बरोबर दहा वर्षं झाली त्याच दिवशी. मला तेव्हा ते खटकलं होतं, आजही खटकतं, दुसरा कुठलाही दिवस चालला असता. पण पायाभरणी झाली म्हणून काम होत नाही हे आमच्या खात्यातल्या कुठल्याही माणसाला विचारा, कोनशिला बसवून पंधरा-पंधरा वर्षं पडून राहिलेले पूल मराठवाड्यात कमी नाहीत. खरं काम त्यानंतर सुरू झालं.

आणि सुरू कधी झालं? १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामा झालं, ४० जवान गेले, त्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले दोघं. २६ ला बालाकोट, दुसऱ्या दिवशी विमानांची लढाई, अभिनंदन पकडला गेला, सुटला. देशात युद्धाची भाषा चालू होती. आणि पुलवामाला बरोबर एक महिना झाला त्या दिवशी, १४ मार्च २०१९ ला, अटारीला दोन्ही देशांचे अधिकारी करतारपूरच्या मसुद्यावर बोलायला बसले. पाच दिवसांनी दोन्हीकडचे इंजिनियर आणि सर्व्हेवाले झीरो पॉइंटवर भेटले, म्हणजे जिथे आपला रस्ता आणि त्यांचा रस्ता एकमेकांना मिळणार तो बिंदू, त्याचे अक्षांश-रेखांश पक्के करायला, रस्त्याची उंची किती ठेवायची ते ठरवायला, पुराची पातळी बघायला. सगळा देश टीव्हीवर ओरडत होता तेव्हा ही माणसं शेतात उभी राहून लेव्हल घेत होती. मला त्या माणसांबद्दल खूप आदर आहे.

बोलणी सोपी नव्हती. आपलं म्हणणं होतं रोज पाच हजार यात्रेकरू जाऊ द्या आणि सणाच्या दिवशी जास्त, पाकिस्तान पाचशे-सातशेवर अडून. त्यांना ग्रुपनेच लोक यायला हवे होते, आपण म्हणत होतो एकटा माणूस असला तरी जाऊ दे, पायी जायचं असेल तर पायी जाऊ दे. त्यांना फक्त शीख यात्रेकरू अपेक्षित होते, आपण म्हणालो नानकांना मानणारे सगळ्या धर्मांचे लोक आहेत, सगळ्यांना सोडा, परदेशात राहणाऱ्या ओसीआय कार्डवाल्यांनाही सोडा. एप्रिलमध्ये ठरलेली बैठक तर आपण पुढे ढकलली, कारण पाकिस्तानने त्यांच्या समितीत खलिस्तानवाल्या माणसाला बसवलं होतं. ते योग्यच केलं. आणि लक्षात घ्या, पुढे ढकलली, मोडली नाही. पाकिस्तानने त्याला समितीतून काढलं आणि १४ जुलैला वाघ्याला पुढची बैठक झाली, त्यात पाच हजारांचा आकडा मान्य झाला, सगळ्या धर्मांच्या लोकांचं मान्य झालं. कडक राहून, पण टेबलावर बसून मिळवलेलं आहे हे.

मग ५ ऑगस्ट आला, ३७० गेलं. पाकिस्तानने भारताचे हायकमिशनर परत पाठवले, व्यापार बंद केला, समझौता एक्सप्रेस बंद, राजस्थानातली थार एक्सप्रेस बंद, दिल्ली-लाहोर बस बंद. एकामागून एक सगळ्या वाटा बंद होत होत्या. आणि त्याच महिन्यात, ३० ऑगस्टला, करतारपूरच्या झीरो पॉइंटवर तांत्रिक बैठक झाली. ४ सप्टेंबरला अटारीला तिसरी मोठी बैठक झाली. २४ ऑक्टोबरला झीरो पॉइंटवरच करारावर सह्या झाल्या, मंत्र्यांच्या नाहीत, आपल्या बाजूने गृहखात्याच्या जॉइंट सेक्रेटरीने सही केली. ९ नोव्हेंबरला रस्ता सुरू. अयोध्येचा निकाल त्याच दिवशी आला म्हणून आपल्याकडे पेपरात ही बातमी आतल्या पानात गेली, पण पहिल्या जथ्यात, म्हणजे यात्रेकरूंच्या गटात, माजी पंतप्रधान मनमोहनसिंग होते, ते स्वतः आताच्या पाकिस्तानातल्या गावात जन्मलेले, आणि इकडून पंतप्रधान मोदींनी निरोप दिला. पक्ष कुठलाही असो, त्या दिवशी सगळे तिथे होते.

माझा मुद्दा आता लक्षात आला असेल. ज्या वर्षात बाकी सगळं तुटत होतं त्याच वर्षात हे एक जमलं, आणि ते जमलं कारण दोन्ही बाजूंनी या विषयाला बाकी विषयांपासून वेगळं ठेवलं. काश्मीर यात आणलं नाही, व्यापार आणला नाही, क्रिकेट आणलं नाही. चार किलोमीटर रस्ता, एक पूल, एक टर्मिनल, किती लोक, किती वाजता, कुठली कागदपत्रं, एवढंच. म्हणून "संबंध सुधारले की मग" असं म्हणणारा माणूस खरं तर "कधीच नाही" म्हणतोय, त्याला तसं म्हणायचं नसलं तरी.

आता पुलाचं बोलतो, कारण हा भाग मला जास्त जवळचा आहे आणि यावर कुणी लिहीत नाही. झीरो पॉइंटजवळ रावीचा एक जुना नाला आहे, बुढी रावी म्हणतात, पावसाळ्यात तो भरतो आणि सगळं पात्र पसरतं. आपण म्हणत होतो तिथे दोन्ही बाजूंनी पूल करू, आपला पूल सरहद्दीपर्यंत येईल, तुमचा तिथून पुढे. पाकिस्तानला तिथे मातीचा भराव टाकून रस्ता करायचा होता, स्वस्तात आणि लवकर. आपल्या इंजिनियरांनी त्याला ठाम विरोध केला आणि त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. नदीच्या पूरक्षेत्रात आडवा भराव टाकला की पाण्याला जायला फक्त मोऱ्या उरतात, मोठा पूर आला की मोऱ्या पुरत नाहीत, वरच्या बाजूला फुगवटा येतो आणि पाणी शेतात, गावात, गुरुद्वाऱ्यात शिरतं. आमच्या नांदेडला विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की गोदावरीच्या काठच्या वस्त्यांचं काय होतं ते आम्ही दर दोन-चार वर्षांनी बघतो, पाण्याला वाट कमी ठेवली की ते आपली वाट स्वतः काढतं. तिथे तर पाण्याच्या वाटेवर दोन देश. आपण आपल्या बाजूचा पूल बांधला, त्यांनी आधी तात्पुरता रस्ता केला आणि नंतर पूल बांधायचं मान्य केलं. कोविडमुळे कॉरिडॉर मार्च २०२० पासून बंद होता तरी २७ ऑगस्ट २०२० ला त्या पुलासाठी दोन्हीकडचे इंजिनियर झीरो पॉइंटवर भेटले होते. यात्रा बंद, चीनशी गलवान झालेलं, आणि तरी पुलावर बोलणं चालू. याला मी शहाणपण म्हणतो.

आणि पुराची ती भीती कागदावरची नव्हती हे २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिसलं. रावीला एवढं पाणी आलं की पंजाबात माधोपूर बंधाऱ्याचे दरवाजे तुटले, गुरदासपूर जिल्ह्यात नदीकाठचे मातीचे धुस्सी बांध फुटले, डेरा बाबा नानकच्या आसपासची गावं पाण्यात, आणि पलीकडे करतारपूरच्या गुरुद्वाऱ्याच्या आवारात काही फूट पाणी भरलं, आत अडकलेल्या लोकांना बोटीने काढावं लागलं. तो व्हिडिओ आमच्या नांदेडच्या ग्रुपवर आला तेव्हा म्हातारी माणसं रडली. नदीने सरहद्द बघितली नाही. आणि त्या वेळी दोन्ही देशांमधलं बोलणं जवळजवळ संपलेलं होतं, सिंधू करार स्थगित, हायकमिशनच्या मार्फत पुराचा इशारा दिला तेवढाच. जर झीरो पॉइंटवरची ती तांत्रिक समिती चालू असती, निदान वर्षातून एकदा पावसाळ्याच्या आधी भेटत असती, तर बांध कुठे कमकुवत आहे, भराव कुठे अडतोय, मोऱ्या साफ आहेत का एवढं तरी दोघांनी मिळून बघितलं असतं. पूर थांबला असता असं मी म्हणत नाही, त्या पाण्याला कुणी थांबवू शकलं नसतं. पण गुरुद्वारा जास्त वेळ पाण्यात राहिला असेल तर तो का राहिला हे कळायला तरी माणसं भेटायला हवीत ना.

आता तिथल्या प्रत्यक्ष अनुभवाबद्दल, कारण मागच्या पत्रात असंही होतं की या रस्त्याने कुणीही येतं-जातं आणि सुरक्षेला धोका आहे. कुणीही जात नव्हतं हो, रस्ता चालू होता तेव्हाची पद्धत सांगतो. ऑनलाइन अर्ज करायचा, पासपोर्ट लागतो, तुमच्या गावचे पोलीस चौकशी करतात, आपलं सरकार दहा दिवस आधी यादी पाकिस्तानला देतं, मग चार दिवस आधी परवानगी आली की नाही ते कळतं. डेरा बाबा नानकच्या टर्मिनलवर एअरपोर्टसारखी तपासणी, सामान सात किलोपर्यंत, पैसे अकरा हजार रुपयांपर्यंत. पलीकडे परत तपासणी, बोटांचे ठसे, तिथे वीस डॉलर भरायचे, मग गाडीने गुरुद्वाऱ्यात. सकाळी गेलात की त्याच दिवशी संध्याकाळी परत, गुरुद्वाऱ्याच्या आवाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. ज्याला काही वाईट करायचंय तो दहा दिवस आधी नाव, पत्ता, फोटो देऊन दोन देशांच्या पोलिसांसमोर उभा राहणार आहे का? गुरदासपूर-तरनतारन भागात ड्रोनमधून अफू, हेरॉइन, पिस्तुलं टाकतात हे खरं आहे आणि भयंकर आहे, पण ते रात्री शेतांवरून येतं, कॉरिडॉरच्या काउंटरवरून नाही. कॉरिडॉर बंद झाल्यावर ते थांबलंय असंही नाही. धोका असेल तर तपासणी वाढवा, स्कॅनर वाढवा, संशय असेल त्याला परवानगी नाकारा, माझी काहीच हरकत नाही.

बाकी तिथे गेल्यावर काय वाटलं हे शब्दांत सांगणं कठीण. आवारात नानकांची समाधी पण आहे आणि मजार पण आहे, हिंदू-शीख आणि मुसलमान दोघांनी आपापल्या पद्धतीने निरोप दिला त्याची ती खूण, दोन्हीपुढे लोक डोकं टेकवतात. जुनी विहीर आहे, शेत आहे. जुनी इमारत रावीच्या पुरात गेली होती, आत्ताची पटियालाच्या महाराजा भूपिंदरसिंगांच्या देणगीतून उभी राहिली. लंगरमध्ये आमच्या शेजारी बसलेलं कुटुंब लाहोरकडून आलं होतं, मराठवाड्याचे आहोत म्हटल्यावर त्यांना काही कळेना, मग हुजूर साहिब म्हटल्यावर त्यांच्यातले आजोबा उठून उभे राहिले आणि आमच्यातल्या सरदारजींचे हात धरले. फाळणीत हरवलेली भावंडं या आवारात सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी भेटल्याच्या बातम्या तुम्हीही छापल्या आहेत. वयाने ती माणसं आता ऐंशीच्या वर आहेत, त्यांना "संबंध सुधारू देत" म्हणून थांबा म्हणणं मला क्रूर वाटतं.

आणि कुणी विचारेल की यात आपल्या मराठी माणसाचं काय. आपले नामदेव महाराज आयुष्याचा मोठा काळ पंजाबात होते, घुमानला त्यांचं स्थान आहे, आणि घुमान त्याच गुरदासपूर जिल्ह्यात आहे ज्याच्या एका कोपऱ्यात डेरा बाबा नानक आहे. २०१५ चं साहित्य संमेलन घुमानलाच झालं, सदानंद मोरे अध्यक्ष होते, महाराष्ट्रातून केवढे लोक गेले होते. नामदेवांची ६१ पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत. म्हणजे करतारपूरला जेव्हा ग्रंथसाहिबाचा पाठ होतो तेव्हा तिथे, पाकिस्तानात, आपल्या नामदेवांचे शब्द वाचले जातात. पंढरपूरच्या पायरीला नमस्कार करणाऱ्या माणसाने करतारपूर आपलं नाही म्हणू नये एवढीच माझी विनंती.

७ मे २०२५ पासून आपल्या बाजूने कॉरिडॉर बंद केला गेला. ऑपरेशन सिंदूर चालू होतं, सरहद्दीवर गोळीबार होता, त्या दिवशी बंद करणं बरोबरच होतं, यावर कुणाचं दुमत नसावं. पण गोळीबार थांबला १० मे ला. आणि करार रद्द झालेला नाही. २०१९ चा करार पाच वर्षांचा होता, ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन्ही देशांनी तो आणखी पाच वर्षांसाठी वाढवला, म्हणजे २०२९ पर्यंत तो कागदावर जिवंत आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुरु नानक जयंतीला आपल्या सरकारने जथ्याला अटारी-वाघ्यावरून जायला परवानगी दिली, नानकांच्या जन्मगावी ननकाना साहिबला दोन हजारांच्या आसपास लोक गेले, चांगलं केलं. पण मग बघा, अटारीवरून आत जाऊन लाहोरमार्गे शंभराहून जास्त किलोमीटर फिरून करतारपूरला जाणं सुरक्षित, आणि डेरा बाबा नानकवरून समोर दिसणाऱ्या चार किलोमीटरवर जाऊन संध्याकाळी परत येणं असुरक्षित, हे मला समजत नाही. उलट कॉरिडॉरचा माणूस पूर्ण दिवस नजरेखाली असतो.

उघडताना आहे तसंच उघडू नये असंही मला वाटतं, बोलायला बसलाच आहात तर जुन्या अडचणी पण काढा. पाच हजार रोजचे ठरले होते, प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही लोक कधी गेले नाहीत. का नाही गेले? एक म्हणजे पासपोर्ट. पंजाबातल्या किंवा आमच्या हिंगोली-परभणीतल्या म्हाताऱ्या बाईकडे पासपोर्ट कुठून असणार, तिने आयुष्यात विमान बघितलेलं नाही. दिवसभराच्या फेरीला आधार आणि त्या परवानगीच्या कागदावर सोडता येईल का यावर बोला. दुसरं ते वीस डॉलर, माणशी पंधराशेच्या वर रुपये होतात, घरातली पाच माणसं निघाली की बघा किती झाले, देवाच्या दारात जायला ही फी नको असं आपल्या सरकारने पहिल्या दिवसापासून सांगितलंय आणि २०२४ ला करार वाढवतानाही परत सांगितलं, पाकिस्तान ऐकत नाही. ते लावून धरा. तिसरं आमच्यासारख्या लांबच्यांचं दुखणं. परवानगी चार दिवस आधी कळते. नांदेडहून सचखंड एक्सप्रेसने अमृतसर म्हणजे दीड दिवस गाडीत, तिथून पुढे डेरा बाबा नानक, आणि रिझर्व्हेशन तर महिना-दोन महिने आधी काढावं लागतं. म्हणजे परवानगी मिळेल या भरवशावर तिकीट काढायचं. आमच्या बरोबरच्या एका ताईंची पोलीस चौकशी वेळेत पुढे सरकलीच नाही, त्या अमृतसरपर्यंत आल्या, हरमंदिर साहिबला (सुवर्णमंदिरात) दर्शन घेतलं, आणि आम्ही करतारपूरला गेलो त्या दिवशी त्या लॉजवर बसून राहिल्या. अमृतसरच्या माणसाला चार दिवस पुरतात, नांदेडच्या, पुण्याच्या, मुंबईच्या माणसाला नाही पुरत. पंजाबबाहेरच्या अर्जांना पंधरा दिवस आधी उत्तर मिळेल असं काही ठरवता येणं अवघड नाही, दोन कॉम्प्युटरमधला हा प्रश्न आहे.

आणि डेरा बाबा नानकच्या शेतकऱ्यांचंही बघा. रस्त्यासाठी आणि टर्मिनलसाठी त्यांच्या सुपीक जमिनी गेल्या, भरपाईसाठी त्यांना तेव्हा आंदोलन करावं लागलं, मग त्यांनी गुरूच्या नावाने जमीन दिली. यात्रा आली की ढाबे चालतील, लॉज चालतील, रिक्षा चालतील या आशेवर गावात लोकांनी कर्ज काढून दुकानं टाकली. आधी कोविडने वीस महिने बंद, नोव्हेंबर २०२१ ला परत उघडलं, आणि आता हे. सरकारी टर्मिनलची इमारत रिकामी राहिली तर सरकारचं फार बिघडत नाही, त्या दुकानदाराचं बिघडतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की हा विषय मोठ्या चर्चेच्या यादीत घालू नका, मोठी चर्चा कधी होईल ते कुणालाच माहिती नाही. २०१९ मध्ये केलं तसंच करा. पहिली बैठक मंत्र्यांची नको, परराष्ट्र सचिवांची पण नको. दोन्हीकडचे इंजिनियर, पाटबंधारेवाले आणि सर्व्हेवाले झीरो पॉइंटवर भेटू देत आणि २०२५ च्या पुराने पुलाचं, रस्त्याचं, बांधाचं काय नुकसान केलंय त्याची पाहणी करू देत. यात कुणाची मान खाली जात नाही, कुणाला टीव्हीवर उत्तर द्यावं लागत नाही, आणि पुढच्या पावसाळ्याच्या आधी ते काम तसंही करावंच लागणार आहे. त्यातून पुढे यात्रेच्या अटींवर बोलता येईल, आणि सुरुवातीला रोज पाचशे माणसं सोडली तरी चालेल, फक्त सुरू करा.

नांदेडच्या आणि मुंबईच्या आपल्या खासदारांनी लोकसभेत यावर प्रश्न टाकावा अशी माझी जाहीर विनंती आहे, पंजाबच्या खासदारांवर सोडून देऊ नये. प्रश्न साधा ठेवावा: करतारपूरच्या झीरो पॉइंटवर पुढची तांत्रिक बैठक कधी घेणार, आणि बुढी रावीवरच्या पुलाची पुरानंतर तपासणी झाली आहे का. तारीख विचारावी. उत्तर आलं की तुम्ही ते पहिल्या पानावर छापा.

आपला,
एक जुना वाचक (निवृत्त, सार्वजनिक बांधकाम खाते)
नांदेड